शहरातल्या लपलेल्या जागा : मुलांना घेऊन पुण्याच्या पेठा बघू या

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, पुण्याची सहल म्हटली की काय ठरलेलं असतं? शनिवारवाडा, सारसबाग, दगडूशेठ गणपती, झालंच तर सिंहगड. ही ठिकाणं बघायलाच हवीत. पण या ठिकाणांच्या अधेमधे जे शहर आहे, ते आपण रिक्षातून मागे टाकतो. मुलांना खरी गंमत मात्र तिथेच सापडते. कशी शोधायची ती? तीन सोप्या युक्त्या सांगतो.

१. नावावर थांबा

पुण्यात आठवड्याच्या सातही वारांच्या पेठा आहेत. त्याशिवाय सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या, तर नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाने. म्हणजे पत्ता वाचता वाचता पानिपत आणि पेशवाई दोन्ही भेटतात. कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या कारागिरांची ती वस्ती. आळी शोधायची तर मुलांना सांगा, कान उघडे ठेवा, हातोडीचा आवाज येतो का बघा.

देवांची नावं तर विचारूच नका! जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण; मंदिराच्या आसपास त्यांचा बाजार भरे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग जवळच्या जुन्या दुकानदाराला विचारायला पाठवा.

२. दगड वाचा

सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं मंदिर आहे. बांधकाम १७५४ ते १७७० या काळातलं. मूर्तीला तीन सोंडा, आणि वाहन उंदीर नाही, मोर! दर्शन घेऊन लगेच निघू नका. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेले आहेत. आत शिलालेख आहेत, संस्कृत आणि फारसीसुद्धा. गणपतीच्या देवळात फारसी कशी? पुण्याच्या भिंतीवर गेंडा कुठून आला? उत्तर लगेच देऊ नका. मुलांना वहीत चित्र काढू द्या आणि प्रश्न लिहू द्या.

३. गोष्ट आणि पुरावा वेगळा ठेवा

बुधवार पेठेत फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद आहे. रोज हजारो माणसं शेजारून जातात, बघतात थोडीच. महात्मा फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लाडकी लेक काशीबाई हिच्या स्मरणार्थ तो बांधला. हौदाचं पाणी सगळ्या जातींच्या लोकांना खुलं होतं. काशीबाई लहानपणीच गेली. वडील तिला शिकवत होते, ते न रुचल्याने कुणीतरी तिला खाण्यातून काचा दिल्या, अशी कथा सांगितली जाते.

इथे शिक्षकाचं काम सुरू होतं. हौद कोणी आणि कुणासाठी बांधला, हा झाला पुरावा. काचांची गोष्ट ऐकीव आहे. ती मुलांना जरूर सांगा, पण 'असं म्हणतात' हे शब्द गाळू नका. मग विचारा, ही गोष्ट लोकांना खरी का वाटली असेल? मुलींनी शिकण्याला त्या काळी किती विरोध होता, हे मुलं स्वतःच बोलू लागतील.

तिथून थोडं चाललं की दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा आता उरलेला नाही. हौद अजून आहे. पाठ्यपुस्तकातला धडा आणि रस्त्यावरचा दगड यांच्यामध्ये अंतर आहे फक्त काही मिनिटांच्या चालण्याचं.

जाताना लक्षात ठेवा

- सकाळी लवकर निघा, गर्दी कमी असते. गट लहान ठेवा.
- एका दिवसात तीनच ठिकाणं. जास्त नकोत.
- देऊळ असो की कारागिराचं घर, आधी विचारा, मगच फोटो.
- प्रत्येकाच्या वहीत दोन रकाने हवेत : 'मी पाहिलं' आणि 'मी ऐकलं'.

पुण्यात राहत नसाल तरी काही अडत नाही. आपल्या गावातही एखादी आळी, एखादा पार, विचित्र नावाचा एखादा मारुती असेलच. ती जागा माहीत असलेली आजी-आजोबांची पिढी आज सांगायला आहे. मुलांना त्यांच्याकडे या रविवारीच पाठवा.