दैनंदिन छायाचित्रणासाठी अल्पमोली रंगीत फिल्म : निवड आणि वापर

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल कॅमेरा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला आणि घराघरांतील फिल्मचा कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये छायाचित्रणाच्या व्यवसायातून माघार घेतली. जानेवारी २०१२ मध्ये ईस्टमन कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरी-संरक्षणासाठी अर्ज केला. या माध्यमाचा शेवट झाला, असे तेव्हा अनेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. इंग्लंडमधील हारमन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स २०० ही स्वतःची पहिली रंगीत फिल्म बाजारात आणली, तर २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मवर चालणारा एक नवा कॅमेरा सादर केला. महाविद्यालयीन विद्यार्थीही वडिलांचा किंवा मामाचा जुना कॅमेरा बाहेर काढून रोल कोठे मिळेल याची चौकशी करताना दिसतात.

या विद्यार्थ्यांचा पहिला रोल मात्र बहुधा निराशा करतो. चित्रे काळपट, रवाळ आणि हिरवट-तपकिरी येतात. त्याचा दोष स्वस्त फिल्मला दिला जातो. काही जण महाग फिल्मकडे वळतात, बाकीचे कॅमेरा पुन्हा कपाटात ठेवतात. वस्तुतः अशा अपयशाचे कारण फिल्मच्या किमतीत क्वचितच असते. ते बहुतांशी तिला मिळालेल्या अपुऱ्या प्रकाशात असते. प्रस्तुत लेखात ३५ मिलिमीटर रंगीत निगेटिव्ह फिल्मची निवड व वापर यांचा विचार महाराष्ट्रातील प्रकाश आणि हवामान डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

रंगीत निगेटिव्हची घडण :

पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचे अतिशय पातळ थर दिलेले असतात आणि त्यांत रौप्यक्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. वरचा थर निळ्या, मधला हिरव्या आणि खालचा तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देतो. धुलाईच्या वेळी, ज्या कणांवर प्रकाश पडला आहे त्यांच्या भोवती अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा रंग तयार होतो. नंतर चांदी काढून टाकली जाते व केवळ रंग उरतो. निगेटिव्हवर सर्वत्र दिसणारी नारिंगी छटा हा दोष नव्हे. रंगद्रव्यांच्या अशुद्धतेची भरपाई करण्यासाठी ती मुद्दाम योजलेली असते.

या घडणीतून व्यवहारात एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या कणापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचलाच नाही त्याच्यापाशी रंग तयार होत नाही, आणि जे नोंदलेच गेले नाही ते कोणत्याही स्कॅनरला किंवा संगणकाला परत आणता येत नाही. याउलट प्रकाश थोडा अधिक पडला तर निगेटिव्ह अधिक दाट होते एवढेच. तिच्यातील तपशील बहुतांशी शाबूत राहतो. कोडॅकने गोल्ड २०० फिल्मच्या माहितीपत्रकात दोन स्टॉप कमी ते तीन स्टॉप जास्त एक्सपोजर एवढी सवलत नमूद केली आहे. कमीच्या बाजूचे ते दोन स्टॉप ‘चित्र ओळखता येते’ या अर्थाने घ्यावेत, ‘चांगले येते’ या अर्थाने नव्हे.

कोणती फिल्म घ्यावी :

भारतात रंगीत फिल्म परदेशातून येते. १९६० मध्ये उदगमंडलम येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक उपक्रमाची ‘इंदू’ ही मुद्रा जुन्या छायाचित्रकारांना स्मरत असेल. परंतु तो कारखाना आता बंद आहे. सबब रुपयाचा विनिमयदर, आयातशुल्क आणि पुरवठ्यातील खंड यांवर किंमत हेलकावे खाते. अमुक फिल्म सर्वांत स्वस्त, असे विधान फार काळ टिकत नाही.

कोडॅकच्या कलरप्लस २००, गोल्ड २०० आणि अल्ट्रामॅक्स ४०० या फिल्म सामान्य ग्राहकांसाठी बनवलेल्या आहेत. कलरप्लसची रंगछटा उबदार असून रवा किंचित ठळक दिसतो. गोल्डचे रंग अधिक भरीव वाटतात. दोहोंतील हा फरक खरा आहे. पण एक्सपोजरमधील एका स्टॉपच्या चुकीने चित्रात जो फरक पडतो, त्यापुढे तो नगण्य ठरतो. पोर्ट्रासारख्या व्यावसायिक फिल्म निश्चितच सरस आहेत. तथापि घरातील मुले, सहल, बाजार, अंगणातील जास्वंद अशा विषयांसाठी त्यांची गरज भासत नाही.

खरी निवड २०० आणि ४०० या आकड्यांमधली आहे. आयएसओचा आकडा दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो. उघड्यावर, दिवसा वापरण्यासाठी २०० पुरेशी आहे. संध्याकाळी घरातील दिव्यांच्या उजेडात मात्र एफ/२.८ इतके छिद्र उघडूनही २०० च्या फिल्मला साधारण १/१५ सेकंद लागते आणि हातातला कॅमेरा तेवढ्या वेळात हलतो. कोडॅकच्या केबी-१० सारख्या, एकेकाळी आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्थिर-फोकस कॅमेऱ्यांना तर भिंग एवढे उघडण्याची सोयच नाही. अशा कॅमेऱ्यासाठी ४०० ची फिल्म घ्यावी. तिला दिले गेलेले जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. फ्लॅशचेही तसेच आहे. आयएसओ चौपट केल्यावर फ्लॅशचा पल्ला दुप्पट होतो. १०० च्या फिल्मवर तीन मीटरपर्यंत पोहोचणारा फ्लॅश ४०० च्या फिल्मवर सहा मीटरपर्यंत पोहोचतो. लग्नाच्या जुन्या छायाचित्रांत वधूवरांचे चेहरे पांढरेफटक आणि मागचा मांडव काळामिट्ट का दिसतो, याचे उत्तर बहुतेक वेळा या पल्ल्यात सापडते.

खर्चाचा हिशेब :

उदाहरणादाखल रोलची किंमत ९०० रुपये आणि धुलाई व स्कॅनिंगचा खर्च ४०० रुपये धरू. एकूण १३०० रुपयांत ३६ चित्रे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३६ रुपये. १५० रुपयांनी स्वस्त रोल शोधून काढला तर दर चित्रामागे चार रुपये वाचतात. परंतु ३६ पैकी १२ चित्रे काळवंडली, तर उरलेल्या २४ चित्रांचा दर ५४ रुपयांवर जातो. दुकाने धुंडाळून वाचवलेल्या चार रुपयांपेक्षा चुकीच्या एक्सपोजरने घालवलेले अठरा रुपये जास्त आहेत, ही साधी गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा लक्षात येत नाही.

धुलाईचा आकार रोलमागे असतो, चित्रामागे नसतो. त्यामुळे २४ च्या रोलपेक्षा ३६ चा रोल स्वस्त पडतो. अर्थात तो वेळेत संपणार असेल तरच. गणपतीत सुरू झालेला रोल पुढच्या मे महिन्यातील मुंजीत संपायचा, ही आपल्या घरांची जुनी रीत होती. परंतु एकदा प्रकाश पडल्यानंतर फिल्मवरील अप्रकट प्रतिमा उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू क्षीण होत जाते. अधूनमधूनच छायाचित्रे काढणाऱ्याने छोटा रोल घेणे शेवटी किफायतशीर ठरते.

मुदत संपलेली फिल्म स्वस्तात मिळते. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप प्रकाश अधिक द्यावा, असा एक प्रचलित संकेत आहे. तो संकेतच आहे, नियम नव्हे. दहा वर्षे शीतकपाटात राहिलेला रोल आणि दहा उन्हाळे दुकानाच्या काचेच्या कपाटात काढलेला रोल यांना तो सारखाच लावता येत नाही. पुन्हा न येणाऱ्या प्रसंगासाठी अशी फिल्म वापरू नये.

प्रकाश किती द्यावा :

निरभ्र आकाशाखाली, उन्हात असलेल्या विषयासाठी छिद्र एफ/१६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळपास, म्हणजे २०० च्या फिल्मसाठी १/२५० सेकंद, ठेवावा, हा जुना आणि भरवशाचा नियम आहे. ढगाळ हवेत एफ/८, पावसाळी दाट आभाळात एफ/५.६, उघड्या सावलीत एफ/४. पडवीत किंवा वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसासाठी त्याहूनही अधिक उघडावे लागते. डोळा त्या अंधाराला चटकन सरावतो आणि प्रकाश पुरेसा आहे असे सांगतो. फिल्मला सरावण्याची अशी शक्ती नाही.

कॅमेऱ्यात प्रकाशमापक असला तरी सावधगिरी हवी. मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात पांढऱ्या गणवेशातील विद्यार्थी चुना दिलेल्या भिंतीपुढे उभे असतील, तर तो फसतो, कमी प्रकाश सुचवतो आणि चेहरे काळवंडतात. अशा ठिकाणी एक स्टॉप अधिक द्यावा. सह्याद्रीतील किल्ल्यांचा काळा पाषाण उलट दिशेने फसवतो. मापक गरजेपेक्षा अधिक प्रकाश देऊ करतो. पण निगेटिव्ह तेवढे सहज पचवते, म्हणून तेथे काहीही न करता पुढे जावे.

यासाठी एक सोपा उपाय आहे. २०० ची फिल्म घालून आयएसओची चकती १०० वर ठेवावी. प्रत्येक चित्राला एक स्टॉप अधिक प्रकाश मिळतो, सावल्या भरतात, रवा कमी दिसतो. स्लाइड फिल्मला मात्र हा उपाय लावू नये. ती जास्तीच्या प्रकाशाने धुऊन निघते. तसेच धुलाई करणाऱ्याला वेगळी सूचना देऊ नये, कारण रोल नेहमीप्रमाणेच धुवायचा असतो. १९८३ मध्ये आलेल्या डीएक्स संकेतामुळे अनेक स्वयंचलित कॅमेरे डबीवरील चंदेरी-काळ्या चौकोनांवरून आयएसओ आपोआप ओळखतात आणि त्यांना चकती नसते. संकेतच नसेल तर त्यांतील बरेचसे कॅमेरे १०० गृहीत धरतात. पुन्हा भरलेल्या डब्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे.

सिनेमाच्या फिल्मचे रोल :

चलच्चित्रासाठी बनलेल्या कोडॅक व्हिजन-३ फिल्मचे लांब रीळ कापून साध्या डब्यांत भरून विकले जाते. ४०० फूट रिळातून ३६ चित्रांचे सुमारे सत्तर रोल निघतात, त्यामुळे किंमत उतरते. ही फिल्म उत्तम प्रतीची आहे. परंतु तिच्या पाठीवर परंपरेने कार्बनचा एक काळा थर असतो. परावर्तन, स्थिर विद्युत आणि ओरखडे यांपासून तो फिल्मचे रक्षण करतो. तिची धुलाई ईसीएन-२ या वेगळ्या प्रक्रियेने होते आणि त्यात तो थर आधी काढला जातो. असा रोल काही न सांगता नेहमीच्या कलर लॅबमध्ये दिला, तर तो थर यंत्रातील रसायनात मिसळतो. आपला रोल बिघडतोच, शिवाय त्या दिवशी दिलेले इतरांचे रोलही बिघडू शकतात; त्यांत कोणाच्या तरी बारशाचे किंवा साखरपुड्याचे चित्र असते. चार पैसे वाचवताना दुसऱ्याचे नुकसान करण्याचा अधिकार कोणालाही नाही. असा रोल घेण्यापूर्वी तो थर आहे की काढलेला आहे हे विक्रेत्याला विचारावे आणि तो कोठे धुतला जाईल हे आधी ठरवावे. शिवाय नावापुढे ‘टी’ अक्षर असलेली फिल्म विजेच्या पिवळ्या दिव्यांसाठी संतुलित असते. दिवसा वापरल्यास चित्र निळे पडते.

धुलाई आणि जतन :

१९७२ मध्ये आलेली सी-४१ प्रक्रिया आजही प्रमाण आहे. विकासकाचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि अवधी ३ मिनिटे १५ सेकंद. प्रमाणीकरणामुळे तत्त्वतः कोणत्याही लॅबमधून सारखेच फळ मिळायला हवे. प्रत्यक्षात, ज्या लॅबकडे दिवसाला एखादाच रोल येतो तेथे रसायन शिळे होते. म्हणून गावातील मोडकळीस आलेल्या यंत्रापेक्षा, नियमित काम असलेल्या लॅबकडे दोन-तीन रोल एकत्र कुरिअरने पाठवणे श्रेयस्कर.

जिलेटिन हा प्राणिज पदार्थ असून तो ओलावा शोषतो. कोकणातील पावसाळ्यात त्यावर बुरशी सहज धरते. न उघडलेला रोल शीतकपाटात ठेवावा, मात्र बाहेर काढल्यावर तास-दीड तास डबी उघडू नये, अन्यथा फिल्मवर दव धरते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कॅमेरा ठेवू नये.

अलीकडे पुष्कळ ग्राहक भ्रमणध्वनीवर आलेल्या स्कॅनवर समाधान मानतात आणि निगेटिव्ह परत घेत नाहीत. काही लॅब त्या ठरावीक मुदतीनंतर टाकून देतात. सुमारे १५०० गुणिले १००० बिंदूंच्या साध्या स्कॅनमधून पोस्टकार्ड आकाराची प्रत बरी निघते, त्यापलीकडे नाही. निगेटिव्हमध्ये त्याहून बराच अधिक तपशील साठलेला असतो आणि पुढे कधीही नव्याने स्कॅन करून तो मिळवता येतो. रोल देतानाच निगेटिव्ह परत हवी असे पावतीवर लिहून घ्यावे. सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या पाकिटात घालून, वर तारीख आणि प्रसंग लिहून, सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डब्यात ठेवाव्यात. हा डबा कपाटाच्या मधल्या खणात ठेवावा. माळ्यावर उष्णता असते आणि जमिनीलगत ओल.