कंपवातावरील संशोधन आणि दात्याची सदसद्विवेकबुद्धी

२ एप्रिल २००५ रोजी देवाघरी गेलेले पोप जॉन पॉल दुसरे यांचा थरथरणारा हात आपल्यापैकी अनेकांना आजही आठवत असेल. कंपवात अर्थात पार्किन्सन या आजाराने त्यांना अनेक वर्षे ग्रासले होते.

या आजारात मेंदूतील डोपामिन हे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. त्यामुळे हात कापतात, स्नायू ताठरतात व हालचाली मंदावतात. १९६० च्या दशकात उपयोगात आलेले लेव्होडोपा हेच आजही प्रमुख औषध आहे. आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतही हे द्रव्य असते. त्याने लक्षणे कमी होतात. मात्र पेशींचा नाश थांबत नाही. म्हणूनच नव्या संशोधनाची निकड आहे.

परंतु या संशोधनासाठी पैसा कोण देणार? यश अनिश्चित असलेल्या प्रारंभीच्या टप्प्यात औषध कंपन्या सहसा पैसा गुंतवीत नाहीत. ती उणीव शासकीय अनुदाने व देणग्या भरून काढतात. वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी कंपवाताचे निदान झालेले अभिनेते मायकेल जे. फॉक्स यांनी २००० साली अमेरिकेत एक प्रतिष्ठान स्थापन केले. या प्रतिष्ठानाने आजवर २ अब्ज डॉलरहून अधिक निधी संशोधनासाठी दिला आहे. त्याच्याच साहाय्याने २०१० साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासातून २०२३ साली एक महत्त्वाची चाचणी पुढे आली. पाठीच्या कण्यातील द्रवात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे विकृत रूप आहे किंवा नाही, हे त्या चाचणीतून कळते.

मात्र येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रोपण करण्यासाठी काही संशोधक मानवी भ्रूणापासून मिळविलेल्या मूळपेशी वापरतात. २००६ साली फॉक्स यांनी अशा संशोधनाचा जाहीर पुरस्कार केला होता. भ्रूणाचा नाश ख्रिस्तसभेला मान्य नाही. तथापि २००८ सालच्या ‘डिग्निटास पर्सोने’ या दस्तऐवजात व्हॅटिकनने प्रौढांच्या शरीरातून किंवा नाळेतील रक्तातून योग्य रीतीने घेतलेल्या मूळपेशींचा वापर ग्राह्य मानला आहे. म्हणजे ख्रिस्तसभेचा आक्षेप संशोधनाला नसून त्याच्या एका मार्गाला आहे.

दुसरा मार्ग जपानचे शिन्या यामानाका यांनी दाखविला. त्यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली मानवाच्या त्वचेतील पेशींना मूळपेशींचे गुणधर्म प्राप्त करून दिले. त्यासाठी त्यांना २०१२ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. याच पद्धतीने, निरोगी दात्याच्या पेशींपासून तयार केलेल्या पेशी क्योटो येथे सात रुग्णांच्या मेंदूत रोपण करण्यात आल्या. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कोणालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही व काहींच्या हालचालींत सुधारणा दिसली. सात रुग्णांवरून ठाम अनुमान काढता येत नाही; पण आशेला आधार नक्कीच मिळतो.

म्हणून देणगी देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. आपला पैसा नेमक्या कोणत्या संशोधनाला जाणार आहे, एवढे मात्र आधी अवश्य विचारावे. दुःखिताची सेवा करताना दुसऱ्या दुर्बळ जिवाचा बळी जाऊ नये, ही दक्षता घेणे हाही दानधर्माचाच भाग आहे.