सारथ्याचें मन

पाषाण सोडून खिंड ओलांडली कीं सूस लागतें. मुळशी तालुक्यांतील हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आणि आतां तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे. तरी गांव मागें टाकून नांद्याच्या वाटेला लागणाऱ्यास रस्ता कोठें चढतो, कोठें अंगावर येतो, याची जाणीव अद्यापि होते. समजा, वाचकांपैकीं कोणी मोटार घेऊन त्या वाटेनें निघाले आहेत. मृगाची पहिली सर नुकतीच येऊन गेली आहे. समोर चढ आहे, आणि चढापलीकडे रस्ता डावीकडे वळतो कीं उजवीकडे, हें दिसत नाहीं. शहाणा माणूस वेग कमी करतो, चढाच्या माथ्यावर येऊन पुढचें पाहतो आणि मगच जातो. रॅली नांवाच्या मोटारशर्यतींत उतरणारा सारथी असें करीत नाहीं. पलीकडचा रस्ता डोळ्यांना दिसण्यापूर्वींच तो गाडी वळवूं लागलेला असतो. हें तो निव्वळ धाडसानें करतो अशी आपली समजूत असते. पण वस्तुतः तो एका वहीच्या भरंवशावर असतो.

ही वही म्हणजे या खेळाचा गाभा होय. रॅली ही आखलेल्या धांवपट्टीवर गोल गोल फिरण्याची शर्यत नव्हे. नेहमींचे रस्ते थोड्या वेळापुरते रहदारीला बंद करितात. ते कोठें डांबरी, कोठें खडीमातीचे, स्वीडनसारख्या देशांत तर बर्फाचे असतात. कांहीं मिनिटांच्या अंतरानें एकेक गाडी सोडून प्रत्येकीचा वेळ मोजतात. जागतिक स्पर्धेतील एका रॅलींत तीन-चार दिवसांत मिळून अशी सुमारें तीनशें किलोमीटरांची दौड होते, आणि फिनलंडच्या अरण्यांत सरासरी वेग ताशीं १२० किलोमीटरांच्याहि वर जातो. शर्यतीपूर्वीं सारथ्याला त्या रस्त्यावरून मर्यादित वेगानें दोन वेळां जाऊं देतात. त्या वेळीं तो तोंडानें सांगतो आणि शेजारीं बसलेला सहकारी लिहून घेतो: शंभर मीटर सरळ, चढ, माथ्यावर डावें वळण, चौथ्या प्रतीचें, आंतल्या अंगाला दगड, वळण कापूं नको. प्रत्यक्ष शर्यतींत हा सहकारी मान खालीं घालून तीच वही वाचीत असतो, तेंहि गाडी ज्या वळणावर आहे त्याच्या पुढचें. म्हणजे सारथ्याचे डोळे एका वळणावर, कान दुसऱ्यावर, आणि दोहोंमध्यें हात-पाय.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे अपघातानंतर या माणसाचें नेमकें काय मोडतें तें कळूं लागतें. गाडी दुरुस्त होते. शरीर, बहुधा, शाबूत असतें. कारण गाडीच्या आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो आणि माणूस पट्ट्यांनीं खुर्चीला जखडलेला असतो. परंतु चढापलीकडे डावें वळण आहे असें शेजाऱ्यानें सांगितलें असतां पूर्वीं पाय आपोआप दाबून राहत असे, तो आतां केसभर उचलला जातो. प्रत्येक वळणाला असा निमिषार्ध गेला तर वीस किलोमीटरांत दहा-पंधरा सेकंदांचें नुकसान होतें, आणि या खेळांत तेवढ्यानें माणूस पहिल्याचा सातवा होतो. मग तें भरून काढण्यासाठीं तो पुढच्या टप्प्यांत आपल्या अंदाजापलीकडे जातो, आणि पुन्हां झाडावर आदळतो. बाहेरचे लोक म्हणतात, हा बेपर्वा आहे. कित्येकदां तो बेपर्वा नसतो, भ्यालेला असतो.

आपल्याकडे या गोष्टीला फार जुना शब्द आहे. कर्णाचें सारथ्य पत्करतांना शल्यानें आपल्याला वाटेल तें बोलण्याची मुभा मागून घेतली होती, आणि युद्धाला निघाल्यावर त्यानें हंस आणि कावळा यांची गोष्ट सांगून कर्णाचा पाणउतारा केला. त्याला महाभारतकार तेजोवध म्हणतात. कर्णाची विद्या किंवा बाहुबळ शल्यानें हिरावून घेतलें नाहीं. शेजारच्या माणसाच्या शब्दावरील भरंवसा तेवढा नाहींसा केला. रॅलींतील सारथ्याचा शल्य पुष्कळदां त्याच्या स्वतःच्याच डोक्यांत बसलेला असतो, एवढाच काय तो फरक.

ही उलाढाल ज्याच्या चरित्रांत अगदीं उघड दिसते असा मनुष्य म्हणजे फिनलंडचा यारी-मत्ती लात्वाला. १९८५ सालीं जन्मलेला हा मुलगा बापाच्या देखरेखीखालीं, गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर मोटार हांकावयास शिकला. २००८ च्या फेब्रुवारींत, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें स्वीडनची रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतील रॅली इतक्या लहान वयांत तोंवर कोणीहि जिंकलेली नव्हती. त्याच्या आधींचा हा मान त्याच्याच देशाच्या हेन्री तोइव्होनेन याच्याकडे होता, आणि तो तोइव्होनेन १९८६ सालीं कोर्सिका बेटावरील रॅलींत गाडी दरींत कोसळून सहकाऱ्यासह जळून मेला होता. लात्वालाच्या यशाचें कौतुक करणाऱ्या फिनलंडमधील वडीलधाऱ्यांच्या मनांत ही आठवण आल्यावांचून राहिली नसेल.

पुढल्याच वर्षाची हकीगत पाहण्यासारखी आहे. २००९ च्या एप्रिलांत पोर्तुगालमध्यें त्याची फोर्ड गाडी रस्ता सोडून डोंगराच्या उतारावरून सुमारें दीडशें मीटर खालीं गेली. पंधरांहून अधिक कोलांट्या तिनें खाल्ल्या. लात्वाला आणि त्याचा सहकारी मीक्का आन्तिला हे दोघे त्यांतून आपल्या पायांनीं बाहेर आले. मे महिन्यांत हाच मनुष्य सार्डिनियाची रॅली जिंकतो! आणि जून महिन्यांत पोलंडमध्यें, दुसरें स्थान पक्कें झालें असतां, अगदीं शेवटच्या, प्रेक्षकांसाठीं आंखलेल्या छोट्याशा टप्प्यांत तो कांक्रीटच्या कठड्यावर आदळून सारें घालवून बसतो. तीन महिन्यांत कडेलोट, विजय आणि नामुष्की. पोर्तुगालपेक्षां पोलंड अधिक वाईट, असें आमचें मत आहे. दरींत कोसळणाऱ्याला लोक धीर देतात. कठड्यावर आदळणाऱ्याला हंसतात. शिवाय पोर्तुगालमध्यें तो वेगानें जात होता म्हणून गेला, आणि पोलंडमध्यें वेगाची गरजच उरलेली नव्हती. मनाला जाचतें तें हें.

अशा माणसाला सर्व बाजूंनीं एकच उपदेश मिळतो: जरा जपून हांक. उपदेश खोटा नाहीं. पण तो अमलांत आणणें फार कठीण आहे. सतारीच्या गतींत एक सूर चुकला म्हणून वादक प्रत्येक सुराकडे लक्ष देऊन वाजवूं लागला, तर गत बिघडते. मोटारीचेंहि तसेंच. खडीवर गाडी वळते ती चाकांवर पडणारा भार पुढें-मागें होतो त्यामुळें. पाय अर्धवट उचलला तर भार नको तेव्हां पुढें येतो आणि मागचीं चाकें सुटतात. भीतभीत हांकणाराहि म्हणूनच घसरतो. लात्वालानें पुढल्या वर्षीं यावर कांहीं तोड काढली असावी. २०१० सालीं त्यानें न्यूझीलंड आणि फिनलंड या दोन रॅली जिंकल्या, बाकीच्यांत गाडी बव्हंशीं शेवटापर्यंत आणली, आणि वर्षाअखेरीस तो सेबास्तियां लोबच्या खालोखाल दुसरा आला. २०११ सालीं जॉर्डनमध्यें तर सेबास्तियां ओजिए यानें त्याला सेकंदाच्या पांचव्या हिश्शानें हरविलें. दोन दिवसांच्या दौडीनंतर एवढें अंतर! येथें चूक कोणाची आणि काय म्हणून शोधावयाची?

२०१४ सालीं तो जर्मनांच्या फोक्सवॅगन संघांत होता. ऑगस्ट महिन्यांत जर्मनीच्या रॅलींत शेवटच्या दिवशीं तो जवळजवळ मिनिटभरानें पुढें होता. डांबरी रस्त्यावर त्याला विजय तोंवर कधींच मिळालेला नव्हता. आतां मिळणार अशी सर्वांची खात्री झाली होती. सकाळच्या पहिल्याच टप्प्यांत गाडी रस्ता सोडून द्राक्षांच्या मळ्यांत गेली. त्याच मळ्यांच्या मुलखांत तीन दिवसांपूर्वीं, शर्यत सुरू होण्याच्याहि आधीं, बेल्जमचा थिएरी न्यूव्हिल सरावांत कोलांट्या खात उतारावरून खालीं गेला होता. त्याच्या संघाच्या कारागिरांनीं रात्रभर खपून गाडीचा सांगाडा सरळ केला, आणि लात्वाला मळ्यांत शिरल्यावर ही रॅली त्या ठोकून-ठाकून उभ्या केलेल्या गाडींतल्या न्यूव्हिलनें जिंकली. हा त्याचा पहिला विजय. जगज्जेतेपद मिळावयाला मात्र त्याला २०२४ पर्यंत थांबावें लागलें. तोंवर पांच वेळां तो दुसरा आला होता.

लात्वालानें त्या सुमारास मनोव्यापाराच्या जाणकाराचें साहाय्य घेतलें, आणि तें लपविलें नाहीं. आपल्याकडे अशी गोष्ट अजून कुजबुजीनें बोलली जाते. घरांतील मुलगा परीक्षेंत पुन्हां पुन्हां अडला तर त्याला शिकवणी लावतात, पण त्याच्या मनाला कोणी शिकवणी लावीत नाहीं. जर्मनीनंतर सहा आठवड्यांनीं फ्रान्समधील आल्सास प्रांतांत तो डांबरी रस्त्यावरची पहिली रॅली जिंकला. त्या सालीं आणि पुढच्या सालीं पुन्हां दुसरा. त्याच्या नांवावर एकंदर अठरा विजय आहेत आणि जगज्जेतेपद एकहि नाहीं.

येथें दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. एस्टोनियाचा मार्को मार्टिन हाहि पहिल्या प्रतीचा सारथी. २००५ च्या सप्टेंबरांत वेल्समध्यें त्याची गाडी झाडावर आदळली आणि वही वाचणारा मायकेल पार्क तत्काळ गतप्राण झाला. मार्टिन वांचला, मात्र जागतिक स्पर्धेंतील त्याची कारकीर्द तेथेंच संपली. ज्याच्या आवाजावर वळणें घ्यावयाचीं तो आवाजच गेला, तेव्हां आत्मविश्वास परत मिळवा असें त्याला कोणत्या तोंडानें सांगावयाचें? आणि आपल्या देशांत २०१९ च्या सप्टेंबरांत, राजस्थानांत बारमेरजवळ, शर्यतीसाठीं बंद केलेल्या रस्त्यावर आलेल्या दुचाकीवरील एकाच कुटुंबांतील तिघे गाडीची धडक बसून मृत्युमुखीं पडले. त्यांनीं तर कोणत्याहि वहीवर विश्वास टाकलेला नव्हता. रस्ता बंद करणें म्हणजे केवळ दोरी लावणें नव्हे. वाडीवस्तीवरच्या प्रत्येक माणसाला तें ठाऊक असलें पाहिजे, आणि ही जबाबदारी सारथ्याच्या कौशल्यानें भरून निघत नाहीं.

सातत्याची खरी कसोटी पाहावयाची तर एका पुणेकराकडे वळावें लागेल. श्री. संजय टकले यांनीं आशिया-पॅसिफिक रॅलींत बरींच वर्षें मोटार हांकल्यावर, २०२५ च्या जानेवारींत सौदी अरबस्तानांतील डाकार क्लासिक ही दोन आठवड्यांची शर्यत टोयोटाच्या लँड क्रूझर गाडीनें पुरी केली. शेजारीं वाट दाखवावयास फ्रेंच सहकारी होता. या शर्यतींत गाड्या जुन्या बांधणीच्या असतात आणि सर्वांत आधीं पोहोंचणारा जिंकत नाहीं. नेमून दिलेला सरासरी वेग वाळूंत, दगडांत, टेकड्यांवर अचूक राखावयाचा. वाटेंत कोठेंहि वेळ तपासतात, आणि उशीर झाला तर दंड, लवकर आलांत तरीहि दंड. नुसत्या वेगाची हौस येथें निरुपयोगी. वाळूच्या टेंकडींत चाक रुतून दहा मिनिटें गेलीं कीं तीं घाईनें भरून काढण्याचा मोह होतो, आणि घाई केली कीं पुढल्या तपासणींत पुन्हां दंड. लात्वालाला जें फिनलंडच्या अरण्यांत साधतां साधतां निसटत असे, त्याचीच ही शांत चालीची परीक्षा म्हणावयास हरकत नाहीं. पूर्ववयांतील अपघातांनीं ज्याला शहाणें केलें आहे, त्यालाच ती देतां येते, असा आमचा तर्क आहे.

लात्वालाला २०२० च्या अखेरीस टोयोटानें आपल्या संघाचा प्रमुख नेमलें. या नेमणुकीनें पुष्कळांच्या भुंवया उंचावल्या. ज्याला स्वतःची गाडी रस्त्यावर ठेवतां येत नाहीं तो दुसऱ्यांना काय सांभाळणार, असें बोललें गेलें. सहा-सात महिन्यांतच, २०२१ च्या जुलैंत, त्याच्या संघांतील काले रोवानपेरा या वीस वर्षांच्या पोरानें एस्टोनियाची रॅली जिंकून लात्वालाचा तेरा वर्षांपूर्वींचा विक्रम मोडला, आणि त्याचें अभिनंदन करण्यास प्रमुख या नात्यानें लात्वालाच पुढें झाला. पुढच्या वर्षीं तो पोर जगज्जेता झाला. इतक्या लहान वयांत तो मान तोंवर कोणासहि मिळालेला नव्हता.

२०२३ च्या ऑगस्टांत फिनलंडच्या रॅलींत लात्वाला पुन्हां एकदां स्वतः गाडींत बसला. वही वाचावयास यूहो हान्निनेन हा एकेकाळचा सारथीच होता. शुक्रवारीं, आघाडीवर असतांना, जगज्जेत्या रोवानपेराची गाडी उलटून तो बाद झाला. अडतीस वर्षांच्या लात्वालानें आपली गाडी रविवारीं पांचव्या क्रमांकानें शेवटापर्यंत आणली.