ताण पडला की दाणा सकस होतो का?

सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या संत्रा बागायतदाराला पाण्याचा ताण काय असतो हे सांगावं लागत नाही. आंबिया बहरासाठी हिवाळ्यात आणि मृग बहरासाठी मे महिन्यात तो स्वतःच बागेचं पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्नाचा साठा होतो आणि पुन्हा पाणी मिळालं की झाड फुलतं. या अनुभवामुळे धान्याबद्दलही एक समज सहज पटतो, की कोरडवाहू दाणा बारीक असला तरी जास्त सकस असतो आणि त्यात प्रथिनं जास्त असतात. क्विनोआमुळे या समजाला आणखी बळ मिळालं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतलं हे पीक थोड्या पाण्यावर येतं आणि प्रथिनांसाठी नावाजलंही जातं. त्यामुळे पाणी जितकं कमी तितकं प्रथिन जास्त, असा हिशेब मांडला जातो.

सातपुड्याच्या पायथ्याची ही दोन्ही तहसीलं 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळी होऊन पांढुर्णा जिल्ह्यात आली. संत्र्याखेरीज इथे कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि रब्बीत गहू-हरभरा होतो. खरिपात पावसाचा खंड पडला किंवा रब्बीत विहीर आटली, तर त्याचा परिणाम घरच्या डाळ-भाकरीवरही होतो. म्हणून हे समज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज 1 : पाणी कमी पडलं की दाण्यातलं प्रथिन वाढतं.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा वाढतो तो फक्त टक्का. ज्वारी, गहू, क्विनोआ या दाण्यांचा मोठा भाग पिष्टाचा असतो. हे पिष्ट दाणा भरण्याच्या दिवसांत पानांनी तयार केलेल्या साखरेपासून बनतं. पाणी कमी पडलं की पान आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. साखर कमी तयार होते आणि दाणा अर्धवट भरतो. प्रथिनासाठी लागणारा नायट्रोजन मात्र झाडाने आधीच पानांत आणि खोडात साठवलेला असतो. पानं पिवळी पडताना तो दाण्याकडे वळतो. पिष्ट घटलं आणि प्रथिन त्यामानाने टिकलं, म्हणून टक्का चढतो.

समजा, नीट भरलेला दाणा 30 मिलिग्रॅमचा आहे आणि त्यात 10 टक्के प्रथिन आहे. म्हणजे प्रथिन झालं 3 मिलिग्रॅम. ताणात तोच दाणा 22 मिलिग्रॅमवर थांबला आणि टक्का 12 झाला, तरी प्रथिन भरतं जेमतेम 2.6 मिलिग्रॅम. त्यात कणसातले दाणेही कमी भरले, तर एकरी हिशेबात तोटा आणखी वाढतो.

गैरसमज 2 : सगळ्या पिकांवर ताणाचा परिणाम सारखाच होतो.

वस्तुस्थिती : ज्वारी-गहू जमिनीतल्या नायट्रोजनवर जगतात. सोयाबीन, हरभरा आणि तूर यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. माती कोरडी पडली की या गाठींचं काम मंदावतं. सोयाबीनमध्ये तर ते फार लवकर मंदावतं, म्हणजे प्रथिनाचा कच्चा मालच आटतो.

तरीही सोयाबीनचा निकाल दरवेळी एकाच दिशेने जात नाही. आयोवातले संशोधक डॉर्नबॉस आणि मलन यांच्या 1992 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दाणा भरताना तीव्र ताण पडल्यावर प्रथिनाचा टक्का 4.4 अंकांनी वाढला, तर तेलाचा 2.9 अंकांनी घटला. इतर काही अभ्यासांत टक्का फारसा हलला नाही, तर काहींत तो उतरला. ताण किती पडला, कोणत्या अवस्थेत पडला आणि वाण कोणतं होतं, यावर उत्तर बदलतं. क्विनोआचंही तसंच आहे. काही वाणांत ताणात टक्का वाढतो, काहींत तसाच राहतो. मात्र ताण तीव्र असेल तर दाण्याचा उतारा घटतो. याला कोणतंच पीक अपवाद नाही.

गैरसमज 3 : टक्का वाढला म्हणजे पोषण वाढलं.

वस्तुस्थिती : प्रथिनं एकाच प्रकारची नसतात. ज्वारीतलं मुख्य साठवणीचं प्रथिन म्हणजे काफिरिन. त्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फारच थोडं असतं आणि शिजवल्यावर काफिरिन पचायला जडही जातं. तृणधान्यात प्रथिनाचा टक्का चढतो तेव्हा बहुधा याच गटातल्या प्रथिनांचा वाटा वाढतो आणि प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे मिळणारं लायसिन कमी होतं. क्विनोआतली प्रथिनं मुख्यतः ग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या गटांतली असतात. म्हणून त्याचा लायसिनचा तोल चांगला आहे. हा त्या पिकाचा उपजत गुण आहे, दुष्काळाने दिलेला नाही.

प्रथिनाचा टक्का काढण्याची रीतही लक्षात घ्यायला हवी. प्रयोगशाळेत सहसा दाण्यातला एकूण नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरलेल्या अंकाने, बहुधा 6.25 ने, गुणतात. ताणात सापडलेल्या दाण्यात सुट्या अमिनो आम्लांसारखी इतर नायट्रोजनयुक्त द्रव्यंही असू शकतात. तीही या हिशेबात प्रथिन म्हणूनच धरली जातात.

गैरसमज 4 : ताणात झाड खास प्रथिनं बनवतं आणि ती खाणाऱ्याला ताकद देतात.

वस्तुस्थिती : झाड अशी प्रथिनं बनवतं, हे खरं. डिहायड्रिनसारखी प्रथिनं कोरड्या पडणाऱ्या पेशींना सावरून धरतात आणि वाळलेल्या बियाण्यातला कोंब जिवंत ठेवायला मदत करतात. बियाण्यासाठी त्यांचं मोल मोठं आहे, पण साठवणीच्या प्रथिनांपुढे त्यांचं प्रमाण अगदी थोडं असतं. माणसाच्या पोटात ती इतर प्रथिनांसारखीच पचतात. खाणाऱ्याला त्यांच्यातून वेगळं बळ मिळत नाही.

गैरसमज 5 : क्विनोआला पाणी लागत नाही आणि ताण कधी पडला यानेही फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात मोठा फरक वेळेनेच पडतो. बोलिव्हियाच्या आल्टिप्लानो पठारावर क्विनोआला थोडंच पाणी देऊन प्रयोग झाले. तिथे रोप रुजताना, फुलोऱ्यात आणि दाणा चिकात असताना मिळालेलं पाणी सर्वाधिक उपयोगी ठरलं. मधल्या वाढीच्या काळातला ताण पिकाने बराच सोसला.

संत्र्याचा अनुभवही खरं तर हेच सांगतो. ताण देतात तो फुलं येण्याआधी. फळं धरल्यावर पाणी तुटलं तर ती गळतात. हरभऱ्याला एकच पाणी देता येणार असेल तर ते फुलोऱ्याआधी द्यावं. दुसरं मिळालं तर घाटे भरताना द्यावं. सोयाबीनमध्ये शेंगा भरताना पावसाचा खंड पडला आणि विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी असलं, तर त्या एका संरक्षित पाण्याने दाण्याचं वजन आणि त्यासोबत एकरी प्रथिनही वाचतं. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम लावण्याचा खर्च थोडा आहे. कडधान्यात प्रथिनाची पायाभरणी तिथूनच होते.

गैरसमज 6 : प्रथिनं हवीत तर क्विनोआच हवा.

वस्तुस्थिती : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम क्विनोआत सुमारे 13 ग्रॅम प्रथिन आहे. राजगिऱ्यातही जवळपास तेवढंच आहे. ज्वारीत ते सुमारे 10, अख्ख्या हरभऱ्यात 19 आणि तुरीच्या डाळीत 22 ग्रॅम आहे. सोयाबीन 35 च्या पुढे जातं. क्विनोआ चांगलं अन्न आहे आणि राजस्थानात व पश्चिम मध्य प्रदेशात काही शेतकरी ते पिकवतातही. पण सौंसरच्या घराला प्रथिनांसाठी त्याच्यावर अवलंबून राहायची गरज नाही. ज्वारीत कमी असलेलं लायसिन तुरीच्या वरणात भरपूर असतं आणि डाळीत कमी पडणारं मेथिओनिन हे अमिनो आम्ल ज्वारी पुरवते. भाकरी आणि वरण एकाच ताटात आली की दोघांची उणीव भरून निघते.

खंडाच्या वर्षी खरी काळजी करायला हवी ती या ताटाची. तूर पिचकी झाली, हरभरा पोचट राहिला आणि विकत घ्यायची डाळ महागली, की सगळ्यात आधी वरण पातळ होतं. त्याची झळ वाढत्या मुलांना आणि गरोदर बायांना जास्त लागते. अशा वेळी बारीक दाणाच सकस असतो असं म्हणून समाधान मानणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. कमी पाण्यात जास्त प्रथिन असा दावा कुणी केला, तर त्याला दोन आकडे एकत्र विचारावेत : दाण्यातला टक्का किती आणि एकरी उतारा किती. दोन्हींचा गुणाकार केला की घरात प्रत्यक्ष किती प्रथिन आलं ते कळतं.