शांतिनिकेतन पाहायला जाताना

बरेच जण विचारतात, शांतिनिकेतन एका दिवसात होतं का? होतं. हावड्याहून सकाळची गाडी धरा, तीनेक तासांत बोलपूर. फक्त वार बघून जा. इथे सुट्टी रविवारची नाही, बुधवारची असते. तो उपासनेचा वार.

पहिल्या खेपेला मी एक चूक केली, ती आधी सांगतो. झाडाखाली वर्ग भरला होता. मी मोबाइल काढून पुढे सरकलो. मुलं माझ्याकडे बघायला लागली आणि शिकवणं थांबलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, क्लास चल रहा है." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९०१ साली रवींद्रनाथांनी मोजक्या मुलांना घेऊन इथे शाळा काढली, १९२१ मध्ये विश्वभारती झाली, २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं. पण हे नालंदासारखे अवशेष नाहीत. इथे आजही परीक्षा होतात, मुलं नापास होतात. पदवीदान समारंभात देतात ती सप्तपर्णीची पानं, म्हणजे आपली सातवीण.

वेळ द्यायचा तर कलाभवनाला द्या. रामकिंकर बैज यांचं 'संथाल कुटुंब' १९३८ चं. ब्राँझ नाही, सिमेंट आणि जांभ्याची खडी, कोकणात असतो तोच जांभा. बापाच्या खांद्यावर कावड, तिच्या एका टोपलीत पोर, आई बरोबर, शेजारून कुत्रा चाललाय. मागे जाऊनही बघा, लोक समोरूनच परततात. हिंदी भवनात बिनोदबिहारी मुखर्जींचं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र आहे. त्यांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसराही अधू. तरी भिंतभर माणसं उभी केली. पुढे दहाएक वर्षांत उरलेली दृष्टीही गेली. सत्यजित राय त्यांचेच विद्यार्थी, त्यांनी गुरूंवर माहितीपटही केला.

आपले पु. ल. बंगाली शिकायला इथे येऊन राहिले होते. आपल्याकडे एक दिवस असतो, त्यामुळे घाई होतेच.

कोविडनंतर आश्रमाचा भाग बराच काळ बंद होता आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात. दारावर विचारा. नाही म्हणाले तर हुज्जत नको, तिकीट काढून उत्तरायणात जा. तिथे 'श्यामली' आहे, १९३५ चं मातीचं घर. छप्परसुद्धा मातीचंच. १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा याच घरात उतरले होते.