त्रिकोण का चुकला? – स्क्रॅचमधून प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख



संगणकाच्या तासाला मी बरीच वर्षं एक चूक करत होते. फळ्यावर 'प्रोग्रॅम म्हणजे काय?' असं लिहायचं, खाली व्याख्या द्यायची, मग पुस्तकातल्या दहा ओळी मुलांकडून जशाच्या तशा टाइप करून घ्यायच्या. एखादा स्वल्पविराम राहिला की पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरांत काहीतरी यायचं. मुलं घाबरून माझ्याकडे बघायची, मी जाऊन तो स्वल्पविराम घालायचे, की झालं! परीक्षेत व्याख्येला पैकीच्या पैकी गुण. पण "तुझ्या मनाने काहीतरी करून दाखव" म्हटलं की वर्ग गप्प.

मुलांना प्रोग्रॅमिंग अवघड जात नव्हतं. त्यांना अवघड जात होतं ते टायपिंग, इंग्रजी स्पेलिंग आणि विरामचिन्हं. खरा विचार करायची वेळच येत नव्हती. हा अडथळा बाजूला काढायचा असेल, तर चित्ररूप साधनं फार कामाला येतात. त्यातलं मी वर्गात सर्वात जास्त वापरलेलं साधन म्हणजे स्क्रॅच.

स्क्रॅच म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने स्क्रॅच तयार केलं आणि 2007 साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. साधारण 8 ते 16 वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलंय. त्याहून लहान, म्हणजे 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे. दोन्ही मोफत आहेत. स्क्रॅच एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. आपल्याकडच्या शाळांसाठी ही मोठीच सोय.

यात आज्ञा टाइप करायच्या नसतात. प्रत्येक आज्ञा म्हणजे एक रंगीत ठोकळा. हालचालीचे ठोकळे निळे, दिसण्याचे जांभळे, घटनांचे पिवळे, नियंत्रणाचे नारिंगी. ठोकळा माउसने ओढायचा आणि दुसऱ्याला जोडायचा. जे ठोकळे एकमेकांत बसूच शकत नाहीत त्यांचे आकारच वेगळे असतात, त्यामुळे स्वल्पविरामाची भानगडच नाही. उजवीकडे एक रंगमंच असतो, त्यावर एक मांजर उभं असतं. हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं की मांजर आपलं ऐकू लागतं.

या कल्पनेचं मूळ मात्र बरंच जुनं आहे. 1967 मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा तयार केली. त्यातलं कासव 'इतकं पुढे जा, इतकं वळ' अशा आज्ञांवर चालायचं आणि मागे रेघ सोडायचं. पॅपर्ट यांचं म्हणणं साधं होतं: मूल स्वतः काहीतरी बनवतं तेव्हा ते खरं शिकतं, आणि कासवाला काय सांगायचं हे कळत नसेल तर त्याने स्वतः कासव होऊन चालून बघावं. हे दुसरं वाक्य मला वर्गात किती उपयोगी पडलं, ते पुढे सांगते.

पहिला तास संगणकाशिवाय

पहिल्या तासाला संगणक लावूच नका. मैदानावर चला. एक मूल 'यंत्र' होईल, दुसरं आज्ञा देईल. यंत्राला फक्त तीन गोष्टी कळतात: इतकी पावलं पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. काम एकच, आंब्याच्या झाडापासून नळापर्यंत जायचं.

मुलं आधी म्हणतात, "जा की नळाकडे!" यंत्र हलत नाही. मग, "पुढे जा." किती? सांगितलंच नाही, म्हणून यंत्र चालतच सुटतं आणि भिंतीला टेकतं. सगळे हसतात. पण त्या हसण्यातच धडा असतो: संगणक आपल्या मनातलं ओळखत नाही, सांगितलं तेवढंच करतो. ही गोष्ट मला व्याख्येतून कधी शिकवता आली नव्हती.

चौकोन जमला, त्रिकोण फसला

दुसऱ्या तासाला मांजराकडून चौकोन काढून घ्यायचा. त्यासाठी खाली डावीकडच्या कोपऱ्यातल्या बटणातून 'पेन'चे ठोकळे आणावे लागतात. मांजर मोठं दिसतं आणि रेघ झाकतं, म्हणून त्याचा आकार 30 करून घ्या. मग ठोकळे असे लावायचे:

- हिरव्या झेंड्यावर क्लिक झाल्यावर
- मध्यभागी जा, तोंड उजवीकडे कर
- मध्यभागी जा, तोंड उजवीकडे कर
- पेन टेकव
- 4 वेळा कर: 100 पावलं पुढे जा, उजवीकडे 90 अंश वळ, 1 सेकंद थांब

शेवटचा 'थांब' विसरू नका. तो नसेल तर चौकोन डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार होतो आणि मांजराने काय केलं ते मुलांना दिसतच नाही. 'सगळं पुस' आणि 'मध्यभागी जा' हे दोन ठोकळेही महत्त्वाचे. ते नसले तर दुसऱ्यांदा चालवताना आधीच्या रेघा तशाच राहतात आणि मांजर जिथे सोडलं होतं तिथूनच सुरुवात करतं.

चौकोन झाला की मुलं खूश. मग मी विचारते, "आता सगळ्या बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढा बघू." भूमितीत हुशार असलेली मुलं लगेच सांगतात, "बाई, सोपं आहे. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा. 4 च्या जागी 3 घालायचे, 90 च्या जागी 60."

झेंडा दाबला आणि त्रिकोण झालाच नाही. तीन बाजूंची, एकीकडून उघडी वाटीसारखी आकृती आली.

इथे उत्तर सांगून टाकायचा मोह होतो. सांगू नका. त्या दिवशी मी गप्प राहिले, म्हणून मला एक गोष्ट बघायला मिळाली. वर्गात एक मुलगी होती, तासाला सहसा न बोलणारी. तिच्या संगणकावर तिघं बसायचे आणि माउस कायम दुसऱ्याच्या हातात असायचा. ती उठून दोन बाकांमधल्या मोकळ्या जागेत गेली आणि मांजरासारखी चालायला लागली. तीन पावलं पुढे, थोडी वळली, थांबली. परत मागे आली. मग म्हणाली, "बाई, कोपऱ्यावर पोचल्यावर माझं तोंड पुढेच असतं. 60 अंश वळले तर मी फार थोडी वळते. मला जवळजवळ मागे वळायला पाहिजे."

अगदी बरोबर! त्रिकोणाचा आतला कोन 60 अंशांचा असतो, पण मांजर आतला कोन वळत नाही. त्याचं तोंड ज्या दिशेला असतं तिथून ते वळतं. म्हणजे 180 वजा 60, बरोबर 120 अंश. भूमितीच्या भाषेत हा बाह्यकोन. चौकोनात आतला आणि बाहेरचा दोन्ही कोन 90 असल्यामुळे हा घोटाळा तिथे लपून राहिला होता.

मग पुढचा प्रश्न. आकृती पूर्ण करून मांजर पुन्हा पहिल्या जागी, पहिल्याच दिशेला तोंड करून उभं राहतं. म्हणजे ते एकूण किती वळलं? एक पूर्ण फेरी, 360 अंश. तर 3 बाजू असतील तर 360 भागिले 3, म्हणजे 120. 5 बाजू असतील तर 72. 6 बाजू असतील तर 60. अरेच्चा, 60! म्हणजे मघाशी आलेली 'चुकलेली' आकृती खरं तर अर्धा षटकोन होती. 3 च्या जागी 6 घातले की तो पूर्ण होतो. चूक पुसून टाकायच्या ऐवजी पूर्ण केली, आणि तिचा षटकोन झाला.

36 बाजू आणि 10 अंश घेऊन बघा, बाजू लहान ठेवा, जवळजवळ वर्तुळ मिळेल. पाच टोकांची चांदणी हवी असेल तर 5 वेळा 144 अंश वळायचं. 144 गुणिले 5 म्हणजे 720, म्हणजे मांजर दोन फेऱ्या पूर्ण करतं. का बरं दोन? हे मुलांनाच शोधू द्या.

माउस कोणाच्या हातात?

त्या तासानंतर मला माझीच दुसरी चूक लक्षात आली. दोन-तीन मुलांमागे एक संगणक असतो. ज्याच्या घरी संगणक आहे किंवा जो धीट आहे, तो माउस घेतो; बाकीचे बघत बसतात. अनेकदा त्या बघणाऱ्यांत मुलीच जास्त असतात. आपण समजतो की सगळा वर्ग शिकतोय.

आता मी जोड्या लावते. एक 'चालक', एक 'वाटाड्या'. माउस चालकाकडे, पण पुढे काय करायचं ते वाटाड्या सांगणार. वाटाड्याने माउसला हात लावायचा नाही, आणि चालकाने स्वतःच्या मनाने ठोकळा लावायचा नाही. दर दहा मिनिटांनी घंटा वाजली की अदलाबदल. यात आणखी एक फायदा होतो. वाटाड्याला आपला विचार शब्दांत सांगावा लागतो, आणि सांगता सांगताच त्याला स्वतःची चूक कळते. संगणक कमी आहेत ही अडचण खरीच, पण दोघांत एक संगणक असणं हे नेहमीच नुकसान नसतं.

तिसरा टप्पा: आंबे पकडायचा खेळ

चित्रं झाली की मुलांना खेळ बनवायचा असतो. वरून आंबा पडतो, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकते, आंबा टोपलीत आला की एक गुण. आंबा आणि टोपली मुलांनाच काढायला सांगा. गुण मोजणाऱ्या चलाला 'गुण' असं मराठीत नाव देता येतं.

इथे मुलांना रंगमंचाचा नकाशा समजावा लागतो. मध्यबिंदू शून्य, डावीकडे उणे 240 ते उजवीकडे 240, खाली उणे 180 ते वर 180. ऋण संख्या पुस्तकात कोरड्या वाटतात. इथे उणे 180 म्हणजे जमीन, आंबा तिथे फुटणार! नववीत निर्देशक भूमिती येते तेव्हा ही मुलं बिचकत नाहीत.

या खेळात दोन चुका जवळपास प्रत्येक जोडी करते. त्या आधी सांगू नका, होऊ द्या.

पहिली: एक आंबा पकडला की एका गुणाऐवजी सात-आठ गुण वाढतात. कारण संगणक सतत विचारत असतो, "आंबा टोपलीला टेकलाय का?" आणि आंबा टोपलीतून खाली सरकेपर्यंत प्रत्येक वेळी उत्तर "हो" असतं. उपाय असा, की गुण वाढवल्याबरोबर आंबा पुन्हा वर पाठवायचा.

दुसरी: खेळ पुन्हा सुरू केला की जुने गुण तसेच दिसतात. कारण 'गुण 1 ने वाढव' लावलंय, पण सुरुवातीला 'गुण 0 कर' लावलंच नाही. 'इतका कर' आणि 'इतक्याने वाढव' यातला फरक मुलांना तेव्हा कळतो.

मूल्यमापन कसं करायचं?

व्याख्या विचारू नका. मी तीन प्रकारचे प्रश्न विचारते. ठोकळ्यांचं चित्र दाखवून "काय होईल?" मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम देऊन "दुरुस्त कर." आणि मुलाच्याच प्रोग्रॅममधल्या एका ठोकळ्यावर बोट ठेवून "हा काढला तर?" दुसऱ्याचं उतरवून आणलेलं काम तिसऱ्या प्रश्नाला लगेच उघडं पडतं. ठोकळ्यांवरच्या इंग्रजी शब्दांसाठी भिंतीवर एक तक्ता लावा: रिपीट म्हणजे पुन्हा पुन्हा कर, फॉरेव्हर म्हणजे कायम करत राहा, इफ म्हणजे जर. दोन आठवड्यांत मुलं तक्त्याकडे बघायची थांबतात.

पालकांसाठी थोडंसं

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, कोडिंगच्या उपक्रमांचा उल्लेख आहे. तेव्हापासून बरेच पालक विचारतात, "बाई, महागडा क्लास लावू का? मूल मागे तर पडणार नाही ना?" माझं उत्तर असं: आधी घरी स्क्रॅच उघडा आणि मुलाबरोबर अर्धा तास बसा. तुम्हाला येत नसलं तरी चालेल, उलट बरंच. "मला नाही कळलं, मला समजावून सांग" हे वाक्य मुलाला जितकं शिकवतं, तितकं पुष्कळदा क्लासही शिकवत नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्या. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर इतर मुलांनी केलेले असंख्य खेळ आहेत, तिथे मूल बनवायचं सोडून नुसतं खेळत बसू शकतं. खेळलेल्या खेळाचं 'आत बघा' बटण दाबून त्यात एक तरी बदल करायचा, असा नियम ठेवा. आणि खातं उघडताना मुलाचं खरं नाव, शाळा, फोटो टाकू नका.

ठोकळ्यांवरच कायम थांबायचं नाही, हेही खरं. आठवी-नववीच्या मुलांना हळूहळू पायथॉनकडे नेता येतं. त्यात 'टर्टल' नावाचं कासव आधीपासूनच आहे, तेच 'पुढे जा, वळ' करणारं. पहिल्या दिवशी त्याच्याकडून पुन्हा त्रिकोण काढून घ्या. वळायचं किती, हे मुलांना आता माहीत असेल.

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा सहावीच्या मुलांना ती त्रिकोण शिकवत होती. एकाने 60 घातले. मी दारातून बघत होते. तिने उत्तर सांगितलं नाही. त्याला उठवलं आणि म्हणाली, "चल, चालून बघ."