छायाचित्रांच्या मेटाडेटाची घाऊक नोंद: स्प्रेडशीटची पद्धत

समजा तुम्ही एका गुऱ्हाळावर दिवसभर थांबून २०० छायाचित्रे काढली आणि ती स्टॉक छायाचित्रांच्या संकेतस्थळावर विक्रीला ठेवायची आहेत. तेथे ग्राहक चित्र शोधतो ते शब्दांनी. शीर्षक व शोधशब्द नसतील तर उत्तम चित्रही सापडत नाही. प्रत्येक चित्राला ३ मिनिटे धरली, तर २०० चित्रांना १० तास लागतील. हे काम स्प्रेडशीटने कमी वेळात कसे करायचे, ते या टिपणात पाहू.

१. मेटाडेटा म्हणजे काय?

मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. छायाचित्रात ती मुख्यतः दोन प्रकारची असते. शटरचा वेग, तारीख, लेन्स ही माहिती कॅमेरा स्वतः एक्झिफ या स्वरूपात नोंदवतो. शीर्षक, वर्णन, शोधशब्द, छायाचित्रकाराचे नाव ही माहिती माणसाला भरावी लागते. ती आयपीटीसी या मानकानुसार साठवली जाते. आपला विषय हा दुसरा प्रकार आहे.

२. तक्त्याची रचना

एका चित्राला एक ओळ, एका गुणधर्माला एक स्तंभ. फाइलींची नावे हाताने टाइप करू नका. विंडोजमध्ये सर्व फाइली निवडून ‘कॉपी ॲज पाथ’ करा, शीटमध्ये पेस्ट करा आणि फोल्डरचा मार्ग व अवतरणचिन्हे ‘फाइंड अँड रिप्लेस’ने काढून टाका.

आता दोन शीट करा. पहिल्या शीटमध्ये दृश्यगट आणि त्याचे सामायिक शब्द लिहा:

| गट | सामायिक शब्द |
|---|---|
| ग१ | ऊस, चरक, रस, शेती |
| ग२ | काहील, चुलवाण, वाफ, उकळणे |
| ग३ | गूळ, ढेप, साचा, खाद्यपदार्थ |

(येथे शब्द मराठीत दिले आहेत. प्रत्यक्षात संकेतस्थळ स्वीकारते त्या भाषेत, म्हणजे बहुधा इंग्रजीत, लिहावे लागतात.)

दुसऱ्या शीटमध्ये फाइलचे नाव, गट, शीर्षक, विशेष शब्द, अंतिम शब्द, संख्या व संमतिपत्र असे स्तंभ ठेवा. गटावरून सामायिक शब्द आणण्यासाठी व्हीलुकअप हे सूत्र वापरा आणि त्याला विशेष शब्द & चिन्हाने जोडा; मध्ये स्वल्पविराम विसरू नका. व्हीलुकअपचा चौथा घटक ० ठेवा. तो गाळला, तर सूत्र अंदाजे जुळणी करते आणि चूक न दाखवता भलत्याच गटाचे शब्द आणून देऊ शकते.

३. शब्द मोजणे

ॲडोबी स्टॉक एका चित्राला जास्तीत जास्त ४९ शोधशब्द घेते. शटरस्टॉकला किमान ७ व कमाल ५० लागतात. मोजण्याची युक्ती सोपी आहे: मजकुराच्या लांबीतून स्वल्पविराम काढलेल्या मजकुराची लांबी वजा करा आणि १ मिळवा. २४ स्वल्पविराम म्हणजे २५ शब्द. मर्यादा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. चित्रात दिसत नाही ते शब्द घातले, तर शोधणाऱ्याची फसवणूक होते. ॲडोबी स्टॉकवर शब्दांचा क्रमही महत्त्वाचा असतो. म्हणून विशेष शब्द आधी व सामायिक शब्द नंतर जोडा.

४. सीएसव्ही फाइल

सीएसव्ही ही साध्या मजकुराची फाइल असते व स्वल्पविराम तिच्यात स्तंभ वेगळे करतो. शोधशब्दांतही स्वल्पविराम असल्याने तो सर्व मजकूर दुहेरी अवतरणात असावा लागतो. एक्सेल हे स्वतः करते. नोटपॅडमध्ये बदल केलात तर जबाबदारी तुमची. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. स्तंभांची शीर्षके संकेतस्थळाच्या नमुना फाइलप्रमाणेच ठेवा. फाइलचे नाव विस्तारासकट तंतोतंत जुळले पाहिजे.

ही फाइल चढवल्यावर माहिती त्या एका संकेतस्थळापुरतीच जोडली जाते. अनेक ठिकाणी चित्रे द्यायची असतील, तर ती चित्रातच लिहिणे बरे. त्यासाठी एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. तेही सीएसव्ही वाचते. मात्र त्याला शब्दांचा विभाजक कोणता ते वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते, नाहीतर संपूर्ण यादी एकच शोधशब्द म्हणून नोंदली जाते.

५. माझ्या हातून झालेली चूक

एकदा मी पूर्ण तक्ता न निवडता फक्त फाइलनावांचा स्तंभ क्रमाने लावला. बाकीचे स्तंभ जागेवरच राहिले. प्रत्येक ओळ तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती, त्यामुळे कोणतीही चूक दिसली नाही. शेवटी १० चित्रे उघडून पाहिली, तेव्हा काहिलीजवळच्या एका वृद्ध गुळव्याच्या चित्रापुढे ‘संमतिपत्र आहे’ असे दिसले. त्यांनी तर मला स्पष्ट सांगितले होते, “फोटो काढा, पण माझा चेहरा विकू नका.” चेहरा ओळखू येत असेल, तर व्यावसायिक वापरासाठी त्या व्यक्तीची लेखी संमती लागते. ती फाइल तशीच गेली असती, तर मी एका माणसाच्या नावावर खोटी संमती नोंदवली असती.

घाऊक पद्धतीत श्रम वाचतात, पण एक चूकही घाऊकच होते. म्हणून तीन नियम पाळा: क्रम लावण्यापूर्वी पूर्ण तक्ता निवडा; पाठवण्यापूर्वी कोणतीही १० चित्रे उघडून ओळीशी ताडून पाहा; आणि संमतीचा स्तंभ सूत्राने किंवा ओढून कधीही भरू नका. तो प्रत्येक चित्र पाहून हातानेच भरा.

स्वाध्याय

१. व्हीलुकअपचा चौथा घटक गाळल्यास काय होते? वरील तक्त्याचे गट उलट्या क्रमाने लावून तपासा.
२. यादीच्या शेवटी एक जादा स्वल्पविराम राहिल्यास मोजणीच्या सूत्राचे उत्तर किती चुकेल? दुरुस्ती सुचवा.
३. स्वतःची २० छायाचित्रे घेऊन तक्ता तयार करा व मित्राकडून तपासून घ्या.